काकांच्या चितेवर ठेवलेला कॅमेरा

आधीच सांगतो मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही... फक्त पूर्वीसारखं छातीठोकपणे म्हणवत नाही, एवढंच.

गंगाखेडला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. ऑनलाइन जुना कॅमेरा घ्यायचा म्हटलं की तालुक्यातले लोक आधी मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं – ॲडव्हान्स पाठवायचा नाही, दिवसाउजेडी माणसाच्या घरी जायचं, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघायची आणि कॅमेऱ्याच्या बुडाचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवायचा. माणूस खोटं बोलेल, नंबर खोटं बोलत नाही. असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो.

हा धंदा मला काकांनी शिकवला. आईवडील लवकर गेले, काका-काकूनंच वाढवलं. मागच्या वर्षी पोळ्यानंतर चारच दिवसांनी काका गेले. त्यांचा जीव त्यांच्या कॅमेऱ्यात, म्हणून मीच म्हटलं, तो त्यांच्यासोबत जाऊ द्या. बॅटरी आणि कार्ड काढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं कॅमेरा चितेवर ठेवला. काकू घरी होती, तिला विचारायचं सुचलंही नाही. सावडायला गेलो तेव्हा राखेत वितळलेला काळा गोळा सापडला, लेन्सची तडकलेली काच त्यातच अडकलेली. अस्थींबरोबर तोही गोदावरीत सोडला.

घरी आल्यावर काकूला सांगितलं. कॅमेऱ्याचा रिकामा खोका तिनं ट्रंकेत ठेवला, आणि तेव्हापासून तिचं माझ्याशी बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच उरलं. ते मला आतून खायचं.

दोन महिन्यांपूर्वी पिंगळीच्या एका मित्रानं मोबाईलवर जाहिरात पाठवली – "बघ बरं, घ्यावा का हा?" कॅमेऱ्याचा फोटो मोठा करून बघितला आणि पुन्हा पुन्हा बघत राहिलो. काकांच्या कॅमेऱ्याचं अंगठ्याजवळचं रबर निघालं होतं. तिथं त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशननं चिकटवला होता, एक कोपरा तिरका कापलेला. इथंही तसाच तुकडा, कोपरा तसाच तिरका! म्हटलं, असेल योगायोग. विकणाऱ्याकडून नंबरचा फोटो मागवला आणि खोक्यावर छापलेल्या नंबराशी जुळवायला काकूकडं खोका मागितला.

आकडा न् आकडा जुळला.

"काय झालं रं संजू?" काकू मागंच उभी होती. मी सगळं सांगून टाकलं. ती खोका उचलून आत गेली. रात्रभर मला एकच – हिला वाटत असणार, पोरानं कॅमेरा जाळलाच नाही, विकून खाल्ला. जिनं पोटच्यासारखं वाढवलं, तिच्या नजरेत मी चोर!

दुसऱ्या दिवशी परभणी गाठली. विकणारे एक रिटायर झालेले शिक्षक. चहा दिला, बिल समोर ठेवलं. नांदेडच्या दुकानाचं, सात वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच नावाचं... आणि नंबर तोच. ट्यूबचा तुकडाही आपणच लावला म्हणाले. माणूस सरळ होता, खोटं बोलायचं त्याला कारणच नव्हतं.

"एक आधीच सांगतो, नंतर तक्रार नको," ते म्हणाले. "मागच्या पोळ्याच्या आठवड्यापासून हा गरम व्हायलाय. बॅटरी काढून कपाटात ठेवला तरी. दोनदा दुरुस्तीला दाखवला, काही सापडलं नाही."

मी हात लावला. सकाळचे अकरा वाजलेले, बॅटरी टेबलावर वेगळी पडलेली – आणि कॅमेरा उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या टाकीसारखा तापलेला.

दुसऱ्या कुणाला मी सांगितलं असतं, असला माल घेऊ नका. मी घेतला.

घरी येऊन कॅमेरा आणि बिल दोन्ही काकूपुढं ठेवलं. "काकू, शप्पथ सांगतो, मी चितेवर ठेवला होता. हे बिल बघ..."

तिनं बिलाकडं बघितलंच नाही. कॅमेरा पदरात घेतला, ट्यूबच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"गरम हाय की," म्हणाली, आणि जी रडायला लागली... काका गेले तेव्हाही एवढी रडली नव्हती.

"वरीसभर तळमळले रं मी. त्यांची तेवढीच एक वस्तू, ती बी ह्यानं जाळली म्हणून. काल नंबर जुळला तवाच वळखलं, संजूच्यानं जाळवलं नसंल. तुझ्या दुकानात बिघडलेले कॅमेरे काय कमी हायेत? त्यातलाच एखादा चितेवर टाकला असशील. लय चांगलं केलंस लेकरा. ठेवला हुतास ना काढून?"

माझ्या डोळ्यांपुढं राखेतला तो काळा गोळा होता.

"हो काकू," मी म्हटलं. "ठेवला होता काढून."

आता ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलते. कॅमेरा तिच्या उशाशी असतो, अजून कोमटच असतो. कंपनीनं एकच नंबर दोन कॅमेऱ्यांना दिला असेल, मानतो. पण तो तुकडा? ती ऊब? तुम्हाला उत्तर सुचलं तर जरूर लिहा, पण काकूच्या कानावर जाऊ देऊ नका. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकानं सांगते, माझ्या संजूच्यानं जाळवला नाही म्हणून. मी बाजूला मान खाली घालून बसलेला असतो, कारण जाळला होता मीच.