पान एकशे बारा

आमच्या कचेरीत त्यांना सगळे कॉमाबाईच म्हणायचे. एकोणीस वर्षं मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले, पण खरं नाव पगाराच्या कागदावरच पाहिलं.

कचेरी वकिलांची होती, पण खटले लढवणारी नव्हती. एखाद्या कंपनीला आपले शेअर लोकांना विकायचे असले की बँकवाले व्यवहार जुळवायचे आणि आमचे वकील कंपनीची जाडजूड माहितीपुस्तिका लिहायचे. कंपनी काय करते, तिच्यावर कोणते खटले चालू आहेत, सगळं त्यात सांगावं लागतं. ती वाचून लोक पैसे घालतात. कोणी वाचत नाही म्हणा, पण लिहिणाऱ्यानं खरं लिहिलं असेल एवढा भरवसा तर असतो.

छापायला जाण्याआधीचं शेवटचं वाचन आम्हा दोघींचं. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं नव्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. वाचताना 'कंपनी कॉमा तिचे संचालक कॉमा' असा कॉमासुद्धा उच्चारायचा. बाई एकही सोडत नसत. पान संपलं की तळाशी दोघींच्या सह्या. दोन सह्यांशिवाय पान छापखान्यात जात नसे. "डोळा त्याला हवं ते वाचतो गं," बाई म्हणायच्या, "कान मात्र पडेल ते ऐकतो."

त्यांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. छोटे साहेब शिकाऊ वकील म्हणून आले तेव्हा बाईंनी त्यांना सहा महिने शेजारी बसवून वाचायला लावलं. जेवले का, सर्दी गेली का, सगळी चौकशी. पुढे ते भागीदार झाले, तरी बाईंसमोर उभं राहूनच बोलायचे. पोटचा नव्हता एवढंच.

एकदा एका कारखानदार कंपनीची पुस्तिका आली. तिचं वाचन आम्ही सकाळीच संपवलं होतं. माझी दाढ अशी ठणकत होती की दुपारी मी डॉक्टरकडे पळाले. त्याच दिवशी पुस्तिका छापायला गेली, शेअर हातोहात खपले आणि महिन्याभरात छोटे साहेब हा व्यवहार जुळवणाऱ्या बँकेत मोठ्या खुर्चीवर गेले. आम्ही शुभेच्छा दिल्या.

वर्षभरानं शेअर कोसळला. कारखान्याची जमीनच कंपनीची नव्हती, तिच्यावर जुना दावा चालू होता. आमच्या लिफ्टवाल्यानं आयुष्याची पुंजी त्यात घातली होती. पुस्तिका आमच्या कचेरीची, म्हणून तो आमच्याशी बोलेनासा झाला. मला लिफ्टनं जायची लाज वाटायची.

सरकारी चौकशी बसली. पान एकशे बारा माझ्यापुढे ठेवलं. त्या पानावरचा दाव्याचा परिच्छेद मी स्वतः मोठ्यानं वाचला होता. इथे तो नव्हताच! आणि तळाशी दोन सह्या. त्यातली एक माझी म्हणून केलेली होती, पण माझ्या हातची नव्हती. मी बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत बसल्या होत्या. काय झालं असेल ते मला तिथेच कळलं.

कचेरीनं सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. वाचणाऱ्यांची नजरचूक! बाईंना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. "मान्य करा, पेन्शनला धक्का लागणार नाही," असं त्यांना सांगितलं. मला म्हणे दुसरीकडे नोकरीसाठी शिफारशीची चिठ्ठी देणार होते. अहो, नजरचूक करणारीला कोण दारात उभं करणार?

तीन आठवडे मी बाईंशी बोलले नाही. खरं सांगावं तर खोट्या सहीच्या गुन्ह्यात बाई अडकणार. गप्प बसावं तर माझ्या नावाला कायमचा बट्टा. रात्रंदिवस जीव जळत होता, पण त्यांचं नाव तोंडून निघेना.

चौकशीच्या शेवटच्या दिवशी महिला अधिकाऱ्यांनी कॉमाबाईंना उभं केलं. कॉमाबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही वाचलं तेव्हा परिच्छेद होता. दुपारी छोटे साहेब नवं पान घेऊन आले. म्हणाले, बाई, नुसत्या ओळी खालीवर झाल्यात, छापखान्याची गाडी खाली उभी आहे. मी न वाचता सही केली. ही डॉक्टरकडे गेली होती. हिची सहीही मीच केली."

अधिकाऱ्यांनी पान जवळ ओढून त्या सहीकडे पुन्हा पाहिलं.

"ही सही कोणाची हे आम्हाला कळलं नव्हतं," अधिकारी म्हणाल्या. "मग का सांगितलंत?"

"हिला कळलं होतं. पहिल्याच दिवशी."

छोट्या साहेबांची सनद गेली, खुर्चीही गेली. बाईंचं पेन्शन गेलं आणि खोट्या सहीचा खटला उभा राहिला. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही जिन्यानं खाली उतरत होतो. माझा राग अजून गेला नव्हता.

"एवढं लाडकं पोर तुमचं," मी म्हटलं, "त्याला कसं बुडवलंत?"

बाई पायरीवर बसल्या. "न वाचताही सही मिळते, हे त्याला शिकवलं कोणी? मीच ना?" म्हणाल्या, आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी टेकले आणि त्यांचा हात घट्ट धरला.