बाईंचे हात

आमच्या ट्यूटर बाई वर्गात आल्या की सगळ्या मुलींना हात पाठीमागे बांधून उभं राहावं लागे. ही शिक्षा नव्हती, धडा होता. अंधेरी पूर्वेच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात मी मिडवायफरी शिकायला गेले, तेव्हा पहिले चार दिवस आम्ही याहून वेगळं काही केलं नाही. "डोक्याकडून येणारं मूल कुणीही घेईल," बाई म्हणत. "पायाळू आलं की कळतं कोण शिकलंय ते."

त्यासाठी त्यांनी जुन्या लुगड्याची बाहुली शिवली होती. पोटात तांदूळ भरून तिचं वजन खऱ्या बाळाएवढं केलेलं. कमरेच्या हाडांचा सांगाडा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून पत्र्याचा करून आणला होता आणि कडा लागू नयेत म्हणून त्यावर सायकलची ट्यूब चढवली होती. बाहुली पायांकडून बाहेर येऊ लागली की आमच्याच्याने राहवत नसे, आम्ही ओढायचो. ओढलं की तिचे हात वर जायचे, हनुवटी उचलली जायची आणि डोकं आत अडकायचं. मग बाईंची मालवणी सुटे. "तुका ओढूक कोणी सांगल्यान गो? मारलंस ना पोराक?"

धडा सोपा होता. बाळाला आईच्या कळांनी खाली येऊ द्यायचं. खांदे सुटले की ते स्वतःच्या वजनाने लोंबू द्यायचं. मानेवरची केसांची रेघ दिसली की मगच पाय धरून सावकाश वर उचलायचं. तोपर्यंत हात मागे.

मी इंग्रजी शाळेतली. पुस्तक पाठ होतं, पण वर्गात तोंड उघडत नसे. मुली मला मिस कॉन्व्हेंट म्हणत. बाई एकदाच त्यावर बोलल्या. "राहू दे गं तिला. तुम्ही माझं तोंड बघता, ती माझे हात बघते."

हे खरं होतं. जाडसर, आखूड बोटांचे ते हात कधी घाई करत नसत.

एका दुपारी सुनंदा आली. जोगेश्वरीला बाईंच्या चाळीत, अगदी शेजारच्या खोलीत वाढलेली मुलगी. पहिलटकरीण. बाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मूल पायाळू होतं, आणि मोठ्या हॉस्पिटलात हलवायची वेळ टळली होती. डॉक्टर दुसऱ्या एका पेशंटला घेऊन तिकडेच गेले होते, गाडीही त्यांच्याबरोबर.

"तू घे," बाई मला म्हणाल्या. "घरच्या पोरीचं मी नको करायला. मी मागे आहे."

कंबर आली, पोट आलं, एकेक करून दोन्ही हात सुटले. मुलगा होता. मी त्याच्या अंगाभोवती गरम टॉवेल धरला आणि तो लोंबत राहिला. मान दिसत नव्हती. अंग निळसर पडू लागलं.

"काकी, काय झालं? बोला ना," सुनंदा बाईंना म्हणाली.

दाराबाहेरून तिची आई बाईंना हाका मारत दार थोपटत होती. "वहिनी, मोकळी करा हो तिला. किती वेळ?"

माझ्या खांद्यावरून ग्लोव्ह्ज घातलेले दोन हात पुढे आले आणि बाळाच्या कमरेकडे गेले. बोटं कशी वळली होती ते मी पाहिलं. आम्ही बाहुलीला ओढायला धरायचो तशीच.

"बाई, हात मागे," मी म्हणाले.

"अगं, ते जाईल."

"केस दिसले नाहीत अजून. हात मागे घ्या."

हात तिथेच थांबले. मग मागे गेले. मला त्यांचा श्वास मानेवर लागत होता. कळ येत नव्हती. आपण चुकलो असू, असं मला वाटत राहिलं. मग सुनंदाने पलंगाची दांडी घट्ट धरली, अंग थोडं खाली सरकलं आणि मानेवर ओल्या काळ्या केसांची रेघ दिसली. मी पाय धरले, ताण ठेवून हळूहळू वर उचललं. तोंड, नाक, कपाळ.

बाळ रडलं नाही. बाईंनी त्याला घेतलं, तोंडातला चिकटा ओढून काढला, पाठ चोळली. पुन्हा चोळली. शिंकेसारखा एक आवाज आला, आणि मग ते रडलं.

डॉक्टर परतले तेव्हा बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी चहाची रिकामी बशी खाली ठेवली. "माझा हात गेला होता," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "हिने अडवला. यापुढे पायाळू असेल तर हिला बोलवा, मला नको."

"काहीतरीच काय बाई. इतकी वर्षं करताय तुम्ही."

"म्हणूनच सांगते."

त्यानंतर गावी जाईपर्यंत दोन वर्षं त्या शिकवत होत्या, पण लेबर रूममध्ये त्यांनी पुन्हा ग्लोव्ह्ज घातले नाहीत. आपल्या मांडीवर वाढलेली पोर समोर असली की कुणाचाही हात गेला असता, एवढंच मला त्या दुपारी म्हणायचं होतं. वाक्य मराठीत आणि इंग्रजीतही तयार होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या, बहुधा वाटही बघत होत्या. मी त्यांची बशी उचलली आणि धुवायला घेऊन गेले.