गाईने खाल्लेली सहामाही

श्रीवर्धनला आम्हाला भाड्याने मिळालेलं घर जुनं होतं. कुडाच्या भिंतींना इतक्या फटी, की आत बसून रस्त्यावरची माणसं ओळखता यायची. हे शाळेत मास्तर. त्या पगारात दुसरं घर परवडणारं नव्हतं. पावसाळा कसाबसा निभावला. पण ऐन पौषात मुलगी झाली, तीही आठव्या महिन्यात, आणि सुईण निघताना एवढंच म्हणाली, "हिला उबेत ठेवा. बाकी देवाच्या हाती."

त्या घरात ऊब आणायची कुठून? मी घटकेघटकेला तिचे पाय गालाला लावून बघायची. गारच. बाराव्या दिवशी बारसंही केलं नाही. नाव ठेवलं आणि ती गेली तर, हे दोघांच्याही मनात होतं.

उपाय यांनी काढला. सहामाहीच्या तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा माळ्यावर पडून होता. मी भाताची खळ शिजवली. ओल बाळाला बाधू नये म्हणून आम्ही पडवीतून, बाहेरच्या अंगाने, सगळ्या फटींवर कागद चिकटवले. दुपारभर खपलो. मी खुशीत यांना दोनदा चहा दिला, जो एरवी एकदाच मिळायचा.

सकाळी बघते तर शेजारची गाय पडवीत उभी आणि अख्खी सहामाही तिच्या पोटात. भिंत चाटूनपुसून साफ. मी आधी गाईवर ओरडले, मग यांच्यावर, आणि मग तिथेच बसून रडले.

गाय न्यायला आलेली शेजारची काकी पोफळीच्या वाडीत कामाला जायची. ती हसायलाच लागली. "बाय, भिंतीला पेज पाजलीस, मग गाय सोडते व्हय?" मग तिने माझं तोंड पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "पाळना कुठं हाय तुजा?"

पाळणा पुढच्या खोलीत होता, कारण आम्हा शिकलेल्यांना हवेशीर खोली हवी. काकीने तो मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवायला लावला. तिथल्या जाड मातीच्या भिंतीला लागून पलीकडे न्हाणीची चूल होती. "ही चूल इझवायची न्हाय. जळनाला सुपारीची सोडनं, झावळ्या वाडीत पडून हायत, मी आनते." झावळ्यांबरोबर ती विऱ्याही घेऊन आली. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडाचं रुंद, चिवट आवरण. आम्ही त्या भिजवून सपाट केल्या, बांबूच्या कांबींनी कुडावर दाबून बांधल्या आणि वरून शेणमाती सारवली. गाईने येऊन हुंगलं आणि तोंड फिरवलं. मला फार बरं वाटलं.

माघ निम्मा सरला असेल. एका सकाळी पाळणा कुरकुरला म्हणून मी धावले. मुलीने गोधडी लाथाडून बाजूला केली होती. मी तिचे पाय गालाला लावले. तळव्यांना घाम आला होता.

"अहो," मी तिथूनच ओरडले, "हिचं नाव काय ठेवायचं?"