आयडलला बंद पडणारी गाडी

आमची मालाची गाडी चढाला कधी बंद पडली नाही. खेडहून जांभ्याचे चिरे भरून निघाली की कुरकुरत का होईना, कशेडी चढायची. बंद पडायची ती उतारावर, वळणापाशी, रेसवरचा पाय काढून क्लच दाबला की. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग इतकं जड होतं, की त्याला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. बोगदा झाल्यापासून घाटातून जायची वेळ कमी येते, पण बोगदा बंद ठेवला की घाट आहेच. अशाच एका दिवशी समोरून एसटी येत असताना माझी गाडी ऐन वळणावर मेली. एसटीच्या ड्रायव्हरने काच खाली करून ज्या शिव्या दिल्या, त्यांतली एकही मला चुकीची वाटली नाही.

घरी मी काही बोललो नाही. पण पोलादपुरात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. आईने ताट वाढता वाढताच जाहीर केलं, "गाडी इकून टाका." वडील नुसते भात चिवडत राहिले. गाडी त्यांनी घेतलेली. गुडघे गेले तेव्हा चावी माझ्याकडे आली. शेवटी महाडचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येणार असं ठरलं. त्याआधी दोष सापडला तर गाडी राहणार, नाहीतर मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. मला कोणी हाताखाली ठेवेल इतका माझा स्वभाव चांगला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

महाडला आमचे ठरलेले मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. बरीच वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून आले, आणि तिकडच्या गाड्या किती शहाण्या होत्या हे ऐकवल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत. त्यांनी आधी डिझेलचा फिल्टर बदलला. मग लाइन हवा पकडते म्हणून पाइप बदलला. मग डिझेल फवारणारी नोझल काढून तपासून आणली. प्रत्येक वेळी "आता बघ" म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता, तशीच थरथरायची. आरसे इतके हलायचे की त्यांत मागची गाडी आहे की म्हैस ते कळू नये. रेस दिली की मात्र सगळं सुरळीत.

"रेस दिल्यावर बरी चालते ना? मग नोझल नाय. हा तुझा ईजीआर," शेवटी चाचा म्हणाले. जणू नोझल मीच काढायला लावली होती.

ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व. धुराचं प्रदूषण कमी व्हावं म्हणून तो बसवलेला असतो. आयडलला तो घट्ट मिटलेला हवा. उघडा राहिला की इंजिन स्वतःचाच धूर गिळतं आणि गुदमरतं. खात्री करायला चाचांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला आणि वाल्वच्या तोंडाशी आडवा लावून धुराची वाट बंद केली. गाडी चालू केली. आरसे स्थिर. चाचांनी हात पुसले आणि म्हणाले, "ठेव तसाच. अर्ध्या महाडच्या गाड्यांना हाच पत्रा हाय."

खरं होतं ते. पण मला पत्रा नको होता. आरटीओच्या पासिंगला काढा, पुन्हा लावा, वर पकडलं तर हात जोडा. ही कटकट मी आयुष्यभर करणार नव्हतो. वाल्व उघडा का राहतो ते मला बघायचं होतं. चाचांनी कपाळाला आठी घातली, पण वाल्व काढला. आतून चुलीच्या भिंतीसारखी काजळी निघाली. खरवडून, धुऊन, पत्रा काढून वाल्व परत बसवला, आणि गाडी पुन्हा थरथरायला लागली. मला तिथल्या तिथे गाडी विकाविशी वाटली.

चाचांनी तो पुन्हा काढला आणि उजेडात धरला. वाल्वची एक बारीक दांडी बाहेर दिसते. ती खाली बसली की तोंड मिटतं. ती पुरती खाली बसतच नव्हती. तिच्या बुडाशी काळं कडं होतं, ते आम्ही दोघांनीही वायसर समजलो होतो. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं तर ते उलगडायला लागलं. दोरा होता. तेल आणि काजळी पिऊन दगडासारखा झालेला, आतून अजून लाल.

चाचांनी तो चिमटीत धरून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना आखात आठवलं नाही. "आमच्यातपन गाडीला तावीज बांधतात रे," ते म्हणाले, "पन आरशाला."

दोरा काढून वाल्व बसवल्यावर गाडी नव्यासारखी चालायला लागली. घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर होते. दोऱ्याचं सांगितलं तर त्यांनी आधी आत, चुलीच्या दिशेने पाहिलं.

"दसऱ्याला गाडीची पूजा झाली तवा तुझ्या आयेनं बांधलान. गुरवानं देवीचा दोरा दिला व्हता, गाडीच्या जिवाला बांध म्हनून. मला इचारलान, जीव कुठं असतो. मी म्हटलं, इंजिनात."

मला आठवलं. केबिन वर उचललेली होती, आणि आई मला सारखी गाडी चालू कर, बंद कर म्हणत होती. इंजिनात एवढं सामान, पण श्वास घेतल्यासारखी वरखाली होणारी ती दांडी तिने बरोबर शोधून काढली होती.

"तिला सांगू नको," वडील म्हणाले.

सांगणार तरी कसं? माझा जीव राहावा म्हणून बांधलेल्या दोऱ्याने घाटात माझा जीव जायची वेळ आणली होती. आई बाहेर आली. मी म्हटलं, काजळी होती, काढली, गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवतो.

"म्हंजे तू पुन्यांदा घाटात जानार," ती म्हणाली. "एवढं झालं तरी वाचलास तो दोऱ्यानं." असं म्हणून तिने कनवटीतून नवा दोरा काढला. "जुना झिजला असंल. केबिन उचल."

"आये, स्टिअरिंगला बांध."

"त्यात काय जीव हाय?"

वडिलांनी मान दुसरीकडे वळवली. मी आजवर कुठल्या देवाचा दोरा अंगाला लावून घेतला नव्हता, आणि त्याचा मला मोठा तोरा होता. मी शर्टाची बाही वर केली आणि मनगट तिच्यापुढे धरलं.