उन्हापेक्षा पाऊस

बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटलं की त्या ओलसर वासासरशी मी पनवेलच्या खाडीकाठी, आमच्या मिठागरावर जाऊन उभी राहते.

साठएक वर्षं झाली. इंग्रजीच्या तासाला बाईंनी दोन गोष्टींतली जास्त आवडती कोणती, ते सांगायला शिकवलं. सगळ्या मुलींनी उन्हापेक्षा पाऊस निवडला, म्हणून मीही म्हटलं, "आय प्रिफर रेन टू सनशाइन." बाई "छान" म्हणाल्या.

शाळा सुटायच्या आतच अवकाळी सर आली. मी मिठागरावर पोचले तेव्हा काढायला आलेलं मीठ विरघळून गेलं होतं आणि बाबा घोटाभर पाण्यात नुसते उभे होते. पाऊस मीच बोलावला, असं मला वाटलं.

मला पाहून ते म्हणाले, "काय शिकलीस गो आज? बोल ना इंग्रजी."

पूर्ण येणारं वाक्य ते एकच. मान खाली घालून मी तेच म्हटलं.

बाबांचा चेहरा उजळला. शेजारच्या मिठागरातल्या माणसांना त्यांनी हाक मारली, "आयका रं, माजी पोर इंग्रजी बोलते! परत बोल गो, मोठ्यानं."

मी मोठ्यानं बोलले. अर्थ कुणीच विचारला नाही. बाबांनी विचारला असता तर काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.