सत्कार आवरा, मास्तरांना ऐकायचंय

शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ या तिन्हींवर बंदी आणावी, अशी माझी जाहीर मागणी आहे. पत्रक अजून काढलेलं नाही, पण निघेल.

मास्तरांच्या गौरवाची मैफल होती, निर्मळला, गावातल्याच सभागृहात. मास्तर म्हणजे आमच्या पट्ट्यातले संगीतकार आणि संगीत संयोजक. चर्चमधली गायनं, देवळातल्या भजनांच्या चाली, लग्नाच्या बँडच्या धुना, शाळेचं गीत, सगळं त्यांनीच बांधलेलं. ऐन उमेदीत मुंबईच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना वाद्यमेळ बसवून दिला. गाणी गाजली, तबकडीवर मास्तरांचं नाव नाही. यावर मी पेटते. मास्तर पेटत नाहीत. ‘अगो बाय, गाणं वाजलं ना?’ एवढंच म्हणतात.

आमची ओळख बावखलांमुळे झाली. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं गोड्या पाण्याचं तळं. ती बुजवून बांधकामं होतात आणि आम्ही रस्त्यावर उतरतो. खरं तर मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, वडील साताऱ्याकडचे. आमच्या सात पिढ्यांत कुणी बावखल पाहिलं नव्हतं. बहुतेक म्हणूनच मोर्चात माझा आवाज सगळ्यांत मोठा. मोर्चासाठी मी गाणं लिहिलं आणि एकही मागणी सोडली नाही. मास्तर चाल लावायला बसले आणि अर्ध्या मागण्या कापून मोकळे झाले.

‘मास्तर, हा मुद्दा कळीचा आहे!’

‘असेल गो. पण गाणाऱ्यांनी श्वास कुठे घ्यायचा? तुमच्या बायांना काय माशासारखे कल्ले फुटलेत?’

तालमीत त्यांची एक खूण असायची. पालथा तळहात मांडीवर ठेवला की समोरच्याने थांबायचं. ओरडा नाही, काठी आपटणं नाही. ‘वाजवायला सगळ्यांनाच येतं,’ म्हणायचे, ‘गप्प बसवायला मला बोलावतात.’ त्या तळहाताने मला किती वेळा गप्प बसवलंय, ते मी इथे सांगणार नाही.

यंदा त्यांचा उजवा कान पुरता गेला आणि डावाही जायला लागला. कानाचं मशीन लावलं की व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतं, म्हणून मशीन डबीतच पडून. मैफलीचं विचारायला आम्ही घरी गेलो, तर त्यांनी एकच अट घातली. चर्चचे गायक, निर्मळचं भजनी मंडळ आणि अर्नाळ्याचा लग्नाचा बँड, या तिघांसाठी त्यांनी एक नवी रचना बांधली होती. तिघांनी आपापल्या ठिकाणी तालमी केल्या होत्या, पण लग्नसराईत बँडला सवड कुठली, त्यामुळे तिघं एकत्र कधीच आले नव्हते.

‘डावा कान आहे तोवर एकदा ऐकवा,’ मास्तर म्हणाले.

रचना आम्ही शेवटी ठेवली, मानाची म्हणून. संध्याकाळी बँडला वरात होती, पण तोवर वेळच वेळ होता. तो सगळा सत्कारांनी खाल्ला. बरं, एखाद्या पुढाऱ्याने भाषण लांबवलं असतं तर मी त्याला बघून घेतलं असतं, त्याची तयारी करूनच आले होते. पण रांगेत उभी होती ती आमचीच प्रेमाची माणसं. ‘फक्त शाल घालतो,’ म्हणत प्रत्येक जण यायचा आणि माइक धरून आपली आठवण सांगायचा. वाडीवाल्यांनी केळ्यांचा अख्खा घड आणला. अर्नाळ्याच्या मावशींनी सुक्या बोंबलांची पिशवी मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि वर दृष्टही काढली. मास्तर शालींखाली दिसेनासे झाले.

लाल कोटातला बँडमास्तर माझ्याजवळ आला. ‘ताई, तिकडं नवरा घोड्यावर चढला असंल. वाजवायचं तर आता, नायतर निघतो आमी.’

रचनेआधी आता फक्त मानपत्र उरलं होतं. ते लिहिलेलं मी. वाचणारही मीच. तबकडीवर न छापलेल्या त्या नावाचा सगळा जाब त्यात होता, कुणाची भीडभाड न ठेवता. हे एकदा भर सभेत कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी माइक घेतला, ‘सन्माननीय’ म्हटलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

शालींच्या ढिगातून एक हात बाहेर आला होता. तळहात पालथा, बोंबलांच्या पिशवीवर.

माझं डोकंच फिरलं. मी तुमच्यासाठी भांडतेय आणि तुम्ही मलाच गप्प करता? पण मास्तरांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्यांनी खुर्ची वळवून डावा कान बँडच्या दिशेला केला होता. बँडवाले वाद्यं पिशवीत घालत होते आणि मास्तर त्या पिशव्यांकडे बघत होते.

‘मानपत्र घरी नेऊन देईन,’ मी माइकवर म्हटलं. ‘बँडवाले, थांबा. सुरू करा!’

सूत्रसंचालक माइकसाठी धावला, त्याचं आभारप्रदर्शन राहिलं होतं. मी दिला नाही. चळवळीत आणखी काही नाही तरी माइक सोडायचा नाही, एवढं शिकायला मिळतं.

आधी नुसता मृदंग, मग चर्चच्या बायांचा आवाज, मग टाळ. बँड कितीतरी वेळ उभाच. वरातीत कान फोडणारा तो ट्रम्पेट अखेर वाजला, तो शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी इतका हळू. मला संगीतातलं काही कळत नाही. पण आमचे एवढे लोक एकमेकांसाठी थांबताना मी कुठल्याच सभेत पाहिले नाहीत.

संपल्या संपल्या बँडवाले टेम्पोकडे पळाले. मी मास्तरांच्या डाव्या कानाशी वाकले. ‘ऐकू आलं?’

‘दुसऱ्या कडव्यात टाळ पुढे पळाले,’ मास्तर चिडून म्हणाले. ‘बुवांना सांग जाऊन.’

भजनी मंडळाचे बुवा टाळ गुंडाळत होते. मी त्यांना शब्दन् शब्द सांगितला. ते डोळे पुसत हसायलाच लागले. ‘पळाले ना? अगदी बरोबर पकडलं. पळालेच होते!’