टॅपेटची टकटक

मोटार खडखडायला लागली की घाबरणारी माणसं पुष्कळ असतात. पण मोटार बिनआवाजी चालायला लागली की पांढराफटक पडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या मावशीचे यजमान. गंगाखेडच्या कोर्टात वकिली करायचे; आम्ही त्यांना काका म्हणायचो. इंजिनातला व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. फट असली की टकटक वाजते. बुजली की आवाज थांबतो आणि व्हॉल्व्ह मुकाट्यानं आत जळत राहतो. ही फट लोक वर्षाकाठी एकदा बघून घेतात. काका दर रविवारी बघायचे. तीही इंजिन थंडगार असतानाच बघायची म्हणून पहाटे, अंघोळीच्या आधी. शेजारी तुळशीला पाणी घालत असायचे तेव्हा काका बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडालेले असायचे. एकदा एक पक्षकार जामिनाचं विचारायला आला, तर काकांनी त्याच्या हातात फट मोजायची पत्ती दिली आणि घट्ट जाते की सैल, ते आधी सांगायला लावलं. मिस्त्री म्हणायचा, वकीलसाब, खोलून खोलून नटाचे आटे झिजतील. काका ऐकून घ्यायचे आणि फट अंमळ जास्तच ठेवायचे. गाडी गल्लीत शिरली की कुणीतरी शिवणयंत्र चालवत येतंय असं वाटायचं.

मावशी गेल्यापासून लागलेला हा नाद, एवढंच घरात म्हणायचे. परभणीच्या दवाखान्यात नेताना ती गाडीतच गेली होती. काका त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एसट्या बंद होत्या आणि मला परभणीला शाळेत रुजू व्हायचं होतं. काका म्हणाले, मी सोडतो. भर दुपारी निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दैठणा मागे पडलं, दोन्ही अंगांना काळी रानं सुरू झाली, आणि टकटक थांबली. हळूहळू कमी झाली नाही. कुणी वरून तळहात ठेवावा तशी थांबली. गाडी मात्र धावत होती. मला वाटलं, आपल्या कानांना दडे बसले. काकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण त्यांचा डावा हात चाचपडत आला आणि माझं मनगट धरून बसला. थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी एका बाभळीखाली उभी केली. बॉनेट उघडतील असं वाटलं. उघडलं नाही.

"तुलाही ऐकू येईना ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"त्या दिवशी इथंच थांबला होता आवाज. मी खूश झालो रे. मागं न बघताच हिला म्हटलं, बघ, गाडी कशी गुमान चालायलीय. ती बोलली नाही. मला वाटलं, डोळा लागला." मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून खोलून घेतली. सगळ्या फटी बरोबर होत्या."

त्यांनी गाडी चालू केली. आवाज नव्हताच.

"तू बोलत राहा," काका म्हणाले.

मी बोलत राहिलो. नव्या शाळेबद्दल, खोलीबद्दल, खाणावळीबद्दल. दम घ्यायला थांबलो की त्यांचा हात मनगटाकडे यायचा. विषय संपले तेव्हा मी पाढे म्हणायला लागलो. थोड्या वेळानं काकाही हळू आवाजात माझ्याबरोबर म्हणू लागले. परभणीची घरं दिसायला लागली तेव्हा आम्ही एकोणतिसाच्या पाढ्यावर होतो.